मालमत्तेची नोंद: एक्सेल कुठवर पुरतं, सॉफ्टवेअर कधी घ्यायचं

साकीनाक्याला गाळ्यात मशीन शॉप असो, दादरला पॅथॉलॉजी लॅब असो की गोरेगावातून लग्नसमारंभांना लाइट-साउंड पुरवण्याचा व्यवसाय, मालमत्तेच्या नोंदीचा प्रश्न साधारण एकाच प्रकारे समोर येतो. ऑडिटर यादी मागतो. यादीत सतरा एसी असतात आणि भिंतीवर पंधरा. मग "आता एखादं सॉफ्टवेअरच घेऊन टाकू" असं ठरतं. पण ते दोन एसी सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून गेलेले नसतात. ज्या दिवशी ते उतरवले, त्या दिवशी नोंद कोणी करायची हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून गेलेले असतात. तेवढं ठरल्याशिवाय घेतलेलं सॉफ्टवेअर वर्षभरात तसंच चुकीचं होतं, फक्त जास्त पैसे घेऊन.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजणी, मग नीट बांधलेली शीट, ती तीन महिने वापरून बघणं, आणि त्यानंतर निर्णय. वस्तू किती आहेत यापेक्षा नोंद किती हात लिहिणार आणि वस्तू किती फिरणार यावर हा निर्णय ठरतो.

काय मोजायचं

विकण्यासाठी आणलेला माल या यादीत येत नाही, तो स्टॉक. वापरण्यासाठी घेतलेली आणि एका वर्षापेक्षा जास्त टिकणारी वस्तू इथे येते. प्रत्येक स्टेपलर लिहायचा नसेल तर रकमेची मर्यादा ठरवावी लागते. ती सीएशी बोलून ठरवा, उदाहरणार्थ ५,००० रुपये, आणि कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दरवर्षी वेगळी निघते. मर्यादेखालच्या काही वस्तू मात्र पाय फुटणाऱ्या असतात: ड्रिल मशीन, वायरलेस माइक, टॅब, बारकोड स्कॅनर. हिशेबात त्या खर्चात गेल्या तरी यादीत "फक्त लक्ष ठेवण्यासाठी" म्हणून असू द्या.

एक ओळ म्हणजे नेमकं काय, यावर बरीच गडबड होते. साधा नियम: ज्या वस्तूला स्वतःचा सिरियल नंबर आहे किंवा जिची सर्व्हिसिंग वेगळी होते, तिला वेगळी ओळ. चारशे प्लास्टिकच्या खुर्च्या एका ओळीत, संख्येसह. स्प्लिट एसी ही एकच वस्तू, पण तिला दोन सिरियल नंबर असतात, आतल्या युनिटचा वेगळा आणि बाहेरच्याचा वेगळा. दोन्ही लिहा. दुरुस्तीला गेलेलं बाहेरचं युनिट बदलून आलं तर ते या नंबरावरूनच कळतं, दुसरा मार्ग नाही.

सगळ्यात घातक ओळ म्हणजे "ऑफिस फर्निचर, १ लॉट, ४,८०,००० रुपये". तीन वर्षांनी त्यातली सहा टेबलं विकली तर किती रुपये कमी करायचे, याला उत्तर उरत नाही. लॉट खरेदीच्या वेळीच फोडा. वाहतूक, क्रेन, बसवण्याचा खर्च मशीनच्या किमतीतच जातो, तोही किमतीच्या प्रमाणात वाटा. दोन, तीन आणि पाच लाखांची तीन मशीन आली आणि क्रेन-टेम्पोचे ४०,००० झाले, तर वाटणी ८,०००, १२,००० आणि २०,००० अशी.

मोजणी

साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्या. त्या दिवशी काही आत येणार नाही, बाहेर जाणार नाही. माणसं दोन: एक बघून सांगणारा, दुसरा लिहिणारा. दारापासून सुरू करून डाव्या भिंतीच्या कडेने फिरत या, मध्यभाग शेवटी. पहिल्या फेरीत जुनी यादी हातात घेऊ नका. यादी हातात असली की माणूस यादीतलंच शोधतो आणि यादीत नसलेलं त्याला दिसत नाही. समोर आहे ते लिहा, आणि दुसऱ्या फेरीत जुन्या यादीशी ताडा. यातून दोन छोट्या याद्या निघतात: जागेवर आहे पण यादीत नाही, आणि यादीत आहे पण जागेवर नाही. खरं काम या दोन यादींवरच करायचं असतं.

प्रत्येक वस्तूचे दोन फोटो, एक अख्ख्या वस्तूचा आणि एक नेमप्लेटचा. नेमप्लेट मागच्या बाजूला, भिंतीकडे असेल तर मशीन हलवत बसू नका, फोन मागे सरकवून फोटो काढा. सिरियल नंबर हाताने उतरवताना शून्य आणि इंग्रजी 'ओ', आठ आणि 'बी' यांची अदलाबदल होते, तेव्हा लिहिलेलं फोटोवरून तपासता येतं.

बाहेर असलेल्या वस्तू विसरू नका: कर्मचाऱ्यांच्या घरचे लॅपटॉप, सर्व्हिस सेंटरला गेलेला प्रिंटर, क्लायंटच्या साइटवरचा जनरेटर, वसई किंवा भिवंडीच्या जॉबवर्करकडे (आपलं काम बाहेर करून देणाऱ्याकडे) पाठवलेलं मशीन. या शेवटच्या प्रकाराला जीएसटीतही मुदत आहे. कर न भरता चलनावर जॉबवर्ककडे पाठवलेलं भांडवली मशीन तीन वर्षांत परत यावं लागतं. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ही मुदत नाही. म्हणजे "कधी पाठवलं" ही तारीख यादीत हवीच.

शीट कशी बांधायची

एका फाइलमध्ये चार पानं पुरतात: नोंदवही, आवक-जावक, दुरुस्ती आणि याद्या. नोंदवहीत एका वस्तूला एक ओळ. रकाने असे: मालमत्ता क्रमांक, वर्णन, प्रकार, कंपनी आणि मॉडेल, सिरियल नंबर, बिल क्रमांक, बिलाची तारीख, वापरात आल्याची तारीख, विक्रेता, करापूर्वीची किंमत, जीएसटी, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं का, आत्ताची जागा, जबाबदार व्यक्ती, वॉरंटी किंवा एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) शेवटची तारीख, पुढची तपासणी, स्थिती, फोटोची लिंक.

बिलाची तारीख आणि वापरात आल्याची तारीख वेगळी ठेवा. मशीन मार्चमध्ये आलं आणि वीजजोडणी जूनमध्ये झाली, तर घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत, जूनपासून सुरू होतो.

मालमत्ता क्रमांकात अर्थ कोंबू नका. "अंधेरी, दुसरा मजला, अकाउंट्स, टेबल ७" असा क्रमांक पहिल्या महिन्यात छान दिसतो, मग ते टेबल ठाण्याला जातं आणि क्रमांक खोटा ठरतो. ०००१ पासून सरळ चढता क्रमांक द्या. जागा, विभाग, प्रकार यांना त्यांचे रकाने आहेतच. एकदा दिलेला क्रमांक वस्तू भंगारात गेली तरी दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

आता तांत्रिक भाग, याच क्रमाने करा. काहीही टाइप करण्याआधी क्रमांक आणि सिरियल नंबरचे रकाने निवडून त्यांचा प्रकार "टेक्स्ट" करा. नंतर करून उपयोग नाही, कारण तोवर नुकसान झालेलं असतं. मग सगळा भाग निवडून कंट्रोल-टी दाबून त्याचं टेबल करा, म्हणजे सॉर्ट करताना पूर्ण ओळ एकत्र हलते. प्रकार, जागा, व्यक्ती आणि स्थिती हे चार रकाने डेटा व्हॅलिडेशनने (ठरलेल्या यादीतूनच निवडू देणाऱ्या सोयीने) "याद्या" पानाशी जोडा. नाहीतर "अंधेरी", "अंधेरी पूर्व", "अंधेरी ई" आणि "मरोळ ऑफिस" अशी एकाच जागेची चार नावं होतात आणि जागेनुसार बेरीज कधीच जुळत नाही. क्रमांकाच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंगमधून डुप्लिकेट व्हॅल्यूजचा रंग लावा. तपासणीच्या रकान्याला असा नियम लावा की तारीख आजपासून ३० दिवसांच्या आत आली की ओळ लाल दिसेल.

ओळ कधीही डिलीट करू नका. वस्तू गेली की स्थिती "निकाली", सोबत तारीख आणि रक्कम.

एक भरलेली ओळ कशी दिसते ते बघा. क्रमांक ०१३७, स्क्रू एअर कॉम्प्रेसर, ७.५ एचपी. बिल १२ मे, वापरात ३ जून. जागा: वसई गाळा, मागची भिंत. जबाबदार: शिफ्ट सुपरवायझर. पुढची तपासणी: तेल आणि फिल्टर, १५ डिसेंबर. एवढं असलं की नवीन आलेल्या माणसालाही कोणाला न विचारता कॉम्प्रेसर सापडतो, आणि फिल्टर कधी बदलायचा तेही कळतं. नुसतं "कॉम्प्रेसर, १ नग, वसई" लिहिलं तर यातलं काहीच होत नाही.

आवक-जावक पानावर तारीख, क्रमांक, कुठून, कुठे, कोणी नेलं, चलन क्रमांक, परत कधी अपेक्षित, परत कधी आलं. नोंदवही नवी असते, म्हणून ती उत्साहाने भरली जाते. आवक-जावकचं पान रोज भरावं लागतं, म्हणून आधी तेच बंद पडतं. तीन महिन्यांच्या चाचणीत मुख्यतः याच पानावर नजर ठेवा.

शीट कुठे दगा देते

पहिला दगा आकड्यांचा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक धरतं आणि त्यापुढच्या अंकांची शून्यं करतं. गाडीतल्या जीपीएस ट्रॅकरच्या सिमकार्डावरचा १९-२० अंकी नंबर टेक्स्ट न करता टाकला तर शेवटचे अंक कायमचे जातात. सुरुवातीची शून्यंही गळतात. मधे इंग्रजी 'ई' असलेला सिरियल नंबर, म्हणजे "४५ई६" सारखा, चार कोटी पन्नास लाख होऊन बसतो. काही मॉडेल नंबर तारखा होतात. ही अडचण इतकी जुनी आणि चिवट आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण "मार्च१" सारख्या नावाला एक्सेल तारीख समजत होतं.

दुसरा दगा हातांचा. टेबल न करता कोणी एकच रकाना सॉर्ट केला की सिरियल नंबर एका वस्तूचा आणि किंमत दुसऱ्याची होते, आणि बघताना सगळं नीटच दिसतं. फिल्टर लावलेल्या यादीत पेस्ट केलं तर मजकूर लपलेल्या ओळींतही जाऊन बसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल दोघं आपापल्या फोनवर दुरुस्त करतात आणि आठवड्यात "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल नवीन १" तयार होतात. यावर उपाय आहे: फाइल गुगल शीट्स किंवा वनड्राइव्हवर एकच ठेवायची, फाइल नव्हे तर लिंक पाठवायची, आणि बाकीच्यांना फक्त बघण्याची परवानगी द्यायची. लिहिणारे दोन असतील तोवर हे चालतं. गुगल शीट्समध्ये जुन्या आवृत्त्याही बघता येतात.

तिसरा दगा पुराव्याचा. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाची पुस्तकं सॉफ्टवेअरमध्ये ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. कोणी, कधी, काय बदललं याची ती नोंद बंद करता येता कामा नये. एक्सेल फाइलमध्ये अशी न पुसता येणारी नोंद नसते. घसारा एक्सेलमध्ये काढून त्याची जर्नल एंट्री टॅलीत टाकण्याची पद्धत सर्रास आहे, पण मूळ आकडेमोड बाहेरच राहते. ऑडिटरला ती कशी दाखवायची हे वर्ष संपण्याआधी त्याच्याशी बोलून ठेवा. प्रोप्रायटरी आणि भागीदारी पेढीला कंपनी कायद्याचा हा नियम लागू नाही.

ज्या कंपन्यांना कारो २०२० (ऑडिटरने अहवालात काय सांगायचं हे ठरवणारा सरकारी आदेश) लागू होतो, त्यांच्या ऑडिटरला आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मालमत्तेची संख्या आणि जागा यांसह पूर्ण नोंद आहे का, आणि ठरावीक काळाने प्रत्यक्ष मोजणी होते का. छोट्या कंपन्या आणि एकव्यक्ती कंपन्या यातून वगळलेल्या आहेत.

घसाऱ्याचे दोन हिशेब

घसाऱ्यासाठी सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. शंभर ओळींचा घसारा शीटमध्ये चांगला निघतो, फक्त एकच वस्तू दोन कायद्यांखाली दोन वेगवेगळ्या रकमा दाखवते हे समजून घ्यायला हवं.

६०,००० रुपयांचा लॅपटॉप १ डिसेंबर २०२४ ला वापरात आला. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोननुसार लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं. शेवटी उरणारी किंमत ५ टक्के धरली तर ३,००० बाजूला काढून ५७,००० तीन वर्षांत, म्हणजे सरळ पद्धतीने वर्षाला १९,०००. ३१ मार्चपर्यंत १२१ दिवस, म्हणून त्या वर्षाचा घसारा १९,००० × १२१ ÷ ३६५ = ६,२९९ रुपये. आयकरात कॉम्प्युटरचा दर ४० टक्के, पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला म्हणून निम्मा, २० टक्के: १२,००० रुपये. शिवाय आयकरात हा लॅपटॉप ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दराच्या वस्तूंच्या गटात, मिसळतो, त्याची वेगळी ओळख तिथे राहत नाही. म्हणून दोन हिशेबांसाठी दोन वेगळी पानं करा. एकाच पानात दोन्ही कोंबले की सूत्रं हमखास बिघडतात.

त्याच परिशिष्टातली नेहमी लागणारी आयुष्यं: सर्व्हर आणि नेटवर्क ६ वर्षं, ऑफिसची उपकरणं ५, फर्निचर १०, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५, स्कूटर-मोटारसायकल १०.

जीएसटीत एक गोष्ट सांभाळा. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तेवढ्या कराचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणून किंमत करापूर्वीची लिहा आणि कर वेगळ्या रकान्यात. मशीन पुढे विकलं तर काही क्रेडिट परत भरावं लागू शकतं आणि ते बिलाच्या तारखेपासून किती काळ गेला यावर ठरतं, म्हणून बिलाची तारीख आणि घेतलेलं क्रेडिट हे रकाने पाच वर्षांनीही लागतात.

मग सॉफ्टवेअर कधी

एक जागा, लिहिणारे एक-दोन, दोनशेच्या आत वस्तू आणि त्यातल्या बहुतेक भिंतीला किंवा जमिनीला घट्ट: शीटच ठेवा. सीएचं ऑफिस, लहान छापखाना, चार-पाच मशीनचा गाळा यांना सॉफ्टवेअरचा उपयोग कमी आणि त्रास जास्त.

तिघांपेक्षा जास्त माणसं नोंद करणार असतील, तीन किंवा अधिक जागा असतील, वस्तू रोज बाहेर जाऊन परत येत असतील, तर फक्त दीडशे वस्तू असल्या तरी सॉफ्टवेअर घ्या. लाइट-साउंडवाल्याकडे, शूटिंगला कॅमेरे भाड्याने देणाऱ्याकडे, साइटवर हत्यारं पाठवणाऱ्या इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टरकडे हेच चित्र असतं. रात्री दोनला टेम्पो परत आल्यावर लॅपटॉप उघडून शीट कोणी भरत नाही. फोनवर स्कॅन करून "आलं" दाबणं मात्र होतं.

तारखांवर चालणाऱ्या व्यवसायाला तिसरं कारण असतं. अग्निसुरक्षा यंत्रणेचा बी फॉर्म (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचा वैधमापनाचा शिक्का वर्षाने. गाड्यांचा विमा, पीयूसी, फिटनेस. अशा तारखा पंधरा-वीस असतील तर शीटचा लाल रंग पुरतो, पण तो फाइल उघडल्यावरच दिसतो. शंभरावर गेल्या तर आपोआप मेसेज पाठवणारी व्यवस्था हवी.

तीन महिन्यांच्या चाचणीत काय अडलं ते त्याच फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. "स्पीकर कोणाकडे ते कळलं नाही" ही तक्रार वारंवार असेल तर फिरत्या वस्तूंचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. "घसारा जुळला नाही" असेल तर हिशेबाचं. "सर्व्हिसिंग चुकली" असेल तर देखभालीचं. हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि विकणारा प्रत्येक जण आपल्याकडे तिन्ही आहेत असंच सांगतो.

हिशेब आणि मालमत्ता एकत्र हवी असेल तर मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट बघण्यासारखं आहे. ते ओपन सोर्स आहे, त्यात मालमत्तेची हालचाल, देखभाल, दुरुस्ती आणि घसारा आहे, आणि कंपनी कायद्याचा व आयकराचा घसारा वेगळ्या फायनान्स बुकमध्ये (हिशेबाच्या स्वतंत्र वहीत) ठेवता येतो. कोणता लॅपटॉप कोणाकडे, एवढाच प्रश्न असेल तर स्नाइप-आयटी पुरतं, पण ते हिशेबाचं सॉफ्टवेअर नाही. नेटवर्कवरचे कॉम्प्युटर आपोआप शोधायचे असतील तर जीएलपीआय. ही तिन्ही स्वतःच्या सर्व्हरवर मोफत चालवता येतात, मात्र सर्व्हरचं भाडं, बॅकअप आणि अपडेट करणारा माणूस हा खर्च तुमचाच. असा माणूस नसेल तर पैसे देऊन क्लाउडवर घ्या, स्वतः चालवायच्या फंदात पडू नका.

डेमोला विक्रेत्याचा नमुना बघू नका. आपल्या यादीतल्या वीस सगळ्यात अवघड ओळी द्या: दोन सिरियल नंबरचा एसी, चारशे खुर्च्यांतल्या चाळीस मोडलेल्या, अर्धा लॉट विकलेलं फर्निचर, जॉबवर्कला गेलेलं मशीन. त्या समोर भरून दाखवायला सांगा. मग विचारा: दर वस्तूमागे की माणसामागे? बेसमेंटमध्ये नेटवर्क नसताना स्कॅन साठवून ठेवतं का? सोडायचं झालं तर फोटो आणि जुन्या हालचालींसह सगळा डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल? कंपनी असाल आणि ही हिशेबाची पुस्तकं ठरत असतील तर रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असतो का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. ती टाळली तर दुसरा विक्रेता शोधा.

शीटमधून सॉफ्टवेअरमध्ये

बदलासाठी १ एप्रिल उत्तम, कारण ३१ मार्चचे आकडे ऑडिटमधून जाणारच असतात. आधी वीस ओळी चढवा, प्रत्येक रकाना उघडून तपासा, मगच बाकीच्या. सगळ्यात मोठी चूक इथे होते: सॉफ्टवेअर खरेदीच्या तारखेपासून घसारा नव्याने मोजतं आणि शिल्लक किंमत ऑडिट झालेल्या ताळेबंदापेक्षा वेगळी येते. म्हणून जुन्या प्रत्येक वस्तूची मूळ किंमत आणि आजवरचा एकूण घसारा "सुरुवातीची शिल्लक" म्हणून भरायचा. प्रकारानुसार बेरीज करून ताळेबंदाच्या परिशिष्टाशी रुपयापर्यंत जुळवा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण हा फरक पुढच्या प्रत्येक वर्षात तसाच उतरतो.

एक महिना दोन्हीकडे लिहा. महिना संपला की शीटला पासवर्ड लावून ती फक्त वाचण्यासाठी ठेवा. दोन्ही चालू ठेवणं सुरक्षित वाटतं, पण दुसऱ्याच महिन्यात दोन्ही अर्धवट होतात.

लेबल

मुंबईच्या दमट हवेत कागदी स्टिकर एका पावसाळ्यात सुटतो. बिलाच्या मशीनवर निघणारं डायरेक्ट थर्मल लेबल उष्णतेने आणि उन्हाने पुसट होतं, ते मालमत्तेला लावूच नका. पॉलिस्टर लेबल आणि रेझिन रिबन (छपाईची टिकाऊ शाई-फीत) घ्या. तेल उडणाऱ्या मशीनवर रिव्हेट केलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बरी. क्यूआर कोडमध्ये फक्त मालमत्ता क्रमांक टाका, किंमत किंवा व्यक्तीचं नाव नको. कोडखाली तोच क्रमांक डोळ्यांनी वाचता येईल एवढा छापा, कारण कोड खरवडला गेला तर तोच कामी येतो. लॅपटॉपवर खाली, हवेची जाळी सोडून. स्पीकरवर हँडलच्या बाजूला, म्हणजे थप्पी लावली तरी दिसतो. आरएफआयडीचा (रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगचा) विचार असेल तर धातूवर साधा टॅग नीट वाचला जात नाही, धातूसाठी बनवलेले टॅग वेगळे घ्यावे लागतात.

पावसाळा आणि विमा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या गाळ्यात मशीन आणि मशीनची यादी एकाच टेबलावर असेल तर दोन्ही एकत्र जातात. यादीची प्रत क्लाउडवर आणि एक दुसऱ्या जागी ठेवा, शीट असो वा सॉफ्टवेअर. तळमजल्यावरच्या वस्तूंना "पाण्याचा धोका" असा रकाना द्या आणि मे महिन्यात त्या ओळी गाळून यूपीएस, बॅटऱ्या, सर्व्हर उंचावर न्या.

विम्याची रक्कम यादीतल्या शिल्लक किमतीवरून ठरवू नका. ती घसारा वजा केलेली असते. नवीन घ्यायला दहा लाख लागतील अशा मशीनचा सहा लाखांचा विमा असेल आणि दोन लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या अटीने (विमा जेवढ्या प्रमाणात कमी, तेवढ्या प्रमाणात भरपाईही कमी) हातात १,२०,००० येतात. काही पॉलिसींत कमी विम्याला थोडी सूट असते, ती अट वाचून घ्या. म्हणून "आज नवीन घेतल्यास किंमत" हा रकाना ठेवा आणि नूतनीकरणाच्या आधी भरा. सर्व्हेअर आला की बिल, सिरियल नंबर आणि फोटो मागतो. मोजणीच्या दिवशी काढलेले नेमप्लेटचे फोटो तेव्हा कामाला येतात.

वस्तू काढताना

विक्री, चोरी, भंगार आणि बदलून देणं हे चार प्रकार वेगळे लिहा. सोबत तारीख, रक्कम, मंजुरी देणाऱ्याची सही आणि कागद: विक्रीला बिल, चोरीला पोलिसांकडची तक्रार, बदलून देताना नव्या वस्तूचं बिल. कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस हा ई-कचरा आहे. तो नाक्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडे द्या आणि पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या. त्याआधी हार्ड डिस्क काढा किंवा डेटा पूर्ण पुसा, आणि ते कोणी केलं त्याचं नाव त्याच ओळीत टाका. ओळ "निकाली" झाली तरी बिल जपून ठेवा. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.